गटेच्या गावातला उत्सव : वायमार, १९९९

नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप इथे देतोय. प्रवासात ऐकता येत नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर ऐका.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका वाक्याने करू. ‘कालिदासाचं शाकुंतल वाचून जर्मन कवी गटे ते डोक्यावर घेऊन नाचला.’ शाळेत संस्कृतच्या तासाला, नाहीतर एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत, हे तुम्ही ऐकलंच असणार. नाचण्याचा भाग ही आपल्याकडची लाडकी दंतकथा आहे. पण तिच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. १७८९ मध्ये विल्यम जोन्सचं इंग्रजी शाकुंतल कलकत्त्यात छापलं गेलं. त्यावरून १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरने जर्मन भाषांतर केलं. ते वाचून गटे खरंच भारावून गेला आणि त्याने शकुंतलेवर चार ओळींची कविता लिहिली. पुढे ‘फाउस्ट’ या आपल्या नाटकाच्या आधी त्याने एक प्रवेश जोडला, ज्यात नाटक कंपनीचा चालक, कवी आणि विनोदी नट आपसात बोलतात. ही कल्पना त्याला शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीच्या प्रवेशावरून सुचली, असं अनेक अभ्यासक मानतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी शकुंतला जर्मनीत पोहोचली होती.

गटे तेव्हा जिथे राहत होता ते गाव म्हणजे वायमार. जर्मनीच्या मध्यभागी, थुरिंगिया राज्यात. आजही वस्ती साठ-पासष्ट हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. या गावाने १९९९ मध्ये वर्षभराचा उत्सव भरवला, युरोपची संस्कृती, विचार आणि राजकारण यांचा. आजचा भाग त्या उत्सवाबद्दल आहे. आणि त्या उत्सवापुढे एक प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता. गावापासून आठ किलोमीटरवर बुखेनवाल्ड आहे, नाझींची छळछावणी. मग इथे संस्कृतीचा उत्सव साजरा करायचा तरी कसा?

ही कल्पना आली कुठून?

‘सांस्कृतिक राजधानी’ म्हटलं की आपल्याकडे लगेच पुण्याचं नाव निघतं, आणि त्यावरून नागपूर-कोल्हापूरकरांशी वादही होतात. युरोपात मात्र हा किताब अधिकृत आहे आणि तो दर वर्षी फिरतो. त्यामागे एक नटी होती.

मेलिना मर्कुरी. ग्रीसची मोठी अभिनेत्री, १९६० मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळालेली. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मर्कुरी तेव्हा परदेशात होती. ती तिथून उघडपणे लष्करशाहीविरुद्ध बोलायला लागली, तेव्हा सरकारने तिचं नागरिकत्वच काढून घेतलं. १९७४ मध्ये लष्करशाही कोसळली, ती परत आली, निवडणुका लढली आणि १९८१ मध्ये सांस्कृतिक मंत्री झाली. त्याच वर्षी ग्रीस युरोपीय समुदायात सामील झाला होता.

आता तिच्या जागी जाऊन बघा. समुदायाच्या बैठकांमध्ये चर्चा कशाची? कोळसा, पोलाद, दूध, लोणी, जकात. मर्कुरीने १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्या सदस्य देशांच्या सांस्कृतिक मंत्र्यांना अथेन्समध्ये बोलावलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की व्यापार आणि तंत्रज्ञान जितकं महत्त्वाचं, तितकीच कला आणि विचारही; आपण एकमेकांचा माल ओळखतो, माणसं ओळखत नाही. त्यातून ‘युरोपचं सांस्कृतिक शहर’ ही योजना उभी राहिली. दर वर्षी एक शहर निवडायचं आणि त्या शहराने वर्षभर कार्यक्रम करायचे.

१९८५ मध्ये पहिला मान अथेन्सला मिळाला. मग फ्लोरेन्स, ॲमस्टरडॅम, मग १९८८ मध्ये चारही बाजूंनी भिंत असलेलं पश्चिम बर्लिन, मग पॅरिस. पहिल्या काही वर्षांत ही यादी म्हणजे सहलीच्या कंपनीचं ब्रोशरच वाटतं. १९९० मध्ये ग्लासगोची पाळी आली. जहाजबांधणी बंद पडलेलं, बेकारीने पिचलेलं कामगारांचं शहर. तिथे मुख्य नाट्यगृहांपैकी एक होतं ‘ट्रामवे’, म्हणजे ट्रामचा जुना डेपो. ती इमारत नाटकासाठी पहिल्यांदा वापरात आली १९८८ मध्ये, पीटर ब्रुकच्या नऊ तासांच्या ‘महाभारता’साठी. मल्लिका साराभाई त्यात द्रौपदी होत्या. म्हणजे एका स्कॉटिश डेपोचं नाट्यगृह व्हायला व्यास कारणीभूत!

ग्लासगोनंतर या योजनेची चाल बदलली. सुंदर शहराला आणखी एक हार घालण्यापेक्षा अडचणीत असलेल्या शहराला उभं करायला हा किताब वापरता येतो, हे लोकांच्या लक्षात आलं. आणि १९९३ मध्ये मंत्र्यांनी १९९९ सालासाठी नाव निवडलं वायमारचं. तोवरच्या यादीतलं सगळ्यांत छोटं शहर, आणि पूर्वीच्या कम्युनिस्ट गोटातलं पहिलं.

वायमारच का?

कागदावर बघितलं तर वायमारचा बायोडाटा जबरदस्त आहे. गटे इथे १७७५ मध्ये आला आणि १८३२ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याचा मित्र, नाटककार शिलर, इथलाच. संगीतकार लिस्ट इथे राहिला. तत्त्वज्ञ नीत्शे आयुष्याची शेवटची वर्षं इथे होता. १९१९ मध्ये, पहिलं महायुद्ध हरल्यावर, जर्मनीची नवी राष्ट्रीय सभा बर्लिनमधली दंगल टाळून वायमारच्या नाट्यगृहात भरली आणि तिथे जर्मनीची पहिली लोकशाही राज्यघटना मंजूर झाली. म्हणून त्या राजवटीला ‘वायमार प्रजासत्ताक’ म्हणतात. त्या सभेच्या निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं होतं.

त्याच १९१९ मध्ये, त्याच गावात, वास्तुविशारद वाल्टर ग्रोपिउसने ‘बाउहाउस’ ही कलाशाळा सुरू केली. तुमच्या फोनवरचे साधे, स्वच्छ, नक्षीविरहित आयकॉन आठवा. कामाच्या वस्तूने उगाच नटू नये, ही जी आज डिझाइनमधली बाळबोध गोष्ट वाटते, ती पसरवण्यात या शाळेचा मोठा वाटा. आणि भारताशी नातं इथेही आहे. १९२२ च्या डिसेंबरमध्ये कांडिन्स्की, क्ले वगैरे बाउहाउसच्या कलाकारांच्या कामांचं प्रदर्शन कलकत्त्यात भरलं होतं.

तर १९९९ मध्ये गटेच्या जन्माला २५० वर्षं, वायमार घटनेला ८०, बाउहाउसला ८०, पश्चिम जर्मनीच्या घटनेला ५० आणि बर्लिनची भिंत पडल्याला १० वर्षं. एवढे वाढदिवस एका वर्षात! कुणालाही वाटेल, केक कापा आणि मोकळे व्हा.

पण त्याच गावाचा दुसरा बायोडाटाही आहे. १९२४ मध्ये थुरिंगियात उजव्या पक्षांचं सरकार आलं, त्याने बाउहाउसचा निधी कापला आणि १९२५ मध्ये शाळा गाव सोडून डेसाउला गेली. १९२६ मध्ये हिटलरच्या पक्षाचं अधिवेशन वायमारमध्ये झालं, त्याच नाट्यगृहात जिथे सात वर्षांपूर्वी घटना मंजूर झाली होती. १९३० मध्ये विल्हेल्म फ्रिक इथल्या राज्य सरकारात मंत्री झाला. जर्मनीतल्या कुठल्याही राज्यातला हा पहिला नाझी मंत्री. त्याच्या काळात वायमारच्या संग्रहालयातून आधुनिक चित्रं काढून टाकली गेली आणि बाउहाउसच्या जुन्या इमारतीतली ऑस्कर श्लेमरची भित्तिचित्रं नष्ट केली गेली. लक्षात घ्या, हिटलर सत्तेवर यायला अजून तीन वर्षं होती. वायमारमध्ये ट्रायल रन आधीच सुरू झाला होता.

एका नावाची गोष्ट

या भागातली मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट आता सांगतो.

वायमारच्या उत्तरेला एटर्सबर्ग नावाची जंगलाने भरलेली टेकडी आहे. गटेच्या काळात तिथे दरबाराचा उन्हाळी वाडा होता. गटे आणि त्याची मित्रमंडळी तिथे हौशी नाटकं करायची, शिकारीला, फिरायला जायची. जर्मन साहित्याच्या प्रेमींना ही टेकडी म्हणजे तीर्थच.

१९३७ च्या जुलैमध्ये नाझींच्या ‘एसएस’ संघटनेने या टेकडीवर छळछावणी बांधायला घेतली. पहिले १४९ कैदी १५ जुलैला आले. झाडं तोडायची, रस्ते करायचे, बराकी बांधायच्या, हे सगळं कैद्यांकडून. छावणीचं सुरुवातीचं नाव साहजिकच ‘एटर्सबर्ग’ होतं.

यावर वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळाने हरकत घेतली. कशाला? छावणीला नाही. नावाला! एटर्सबर्ग हे नाव महाकवी गटेच्या आयुष्याशी जोडलेलं आहे, ते छावणीला देणं योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं. एसएसला ते पटलं. महिना संपायच्या आत नाव बदललं आणि ‘बुखेनवाल्ड’ झालं. बुखेनवाल्ड म्हणजे बीच वृक्षांचं वन. किती निसर्गरम्य!

आम्ही प्रोग्रॅमर लोक व्हेरिएबलचं नाव बदलतो आणि कोड तसाच ठेवतो. इथे तेच झालं. नाव बदललं, आत जे चालणार होतं ते चाललंच. १९४५ पर्यंत बुखेनवाल्ड आणि तिच्या उपछावण्यांमध्ये सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसं डांबली गेली. त्यातली सुमारे छप्पन्न हजार मेली. उपासमारीने, रोगाने, कामाच्या ओझ्याने, गोळीने, फाशीने, डॉक्टरांच्या प्रयोगांनी. ज्यू, रोमा, सोव्हिएत युद्धकैदी, कम्युनिस्ट, समलैंगिक पुरुष, यहोवाचे साक्षीदार, व्यापलेल्या देशांतले विरोधक. एली वीझेल आणि इम्रे केर्तेस, पुढे नोबेल मिळालेले दोघे, पोरसवदा वयात इथे कैदी होते.

हरकत घेणारी ती मंडळी अडाणी नव्हती. त्यांनी गटे वाचला होता. त्यांना त्याचा अभिमान होता, इतका की त्याच्या नावाला डाग लागू नये म्हणून त्यांनी सरकारी पत्रव्यवहार केला. आपण सहज म्हणून जातो ना, की माणूस चांगलं वाचेल, चांगलं गाणं ऐकेल तर चांगला होईल? वायमारचं ते पत्र समोर ठेवून हे वाक्य पुन्हा म्हणून बघा.

आणि ही एकच गोष्ट असती तर योगायोग म्हणून सोडून दिली असती. पण छावणीत गटे-शिलर सारखे भेटत राहतात.

जंगल तोडताना एसएसने एक जुना, जाडजूड ओक राखला. छावणीच्या मधोमध. कैदी त्याला ‘गटेचा ओक’ म्हणायचे, गटे याच्या सावलीत बसला असेल म्हणून. हे झाड पडेल तेव्हा जर्मनी पडेल, अशी वदंताही त्यांच्यात होती. २४ ऑगस्ट १९४४ ला शेजारच्या शस्त्रकारखान्यावर अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात झाड जळलं. बुंधा आजही तिथे आहे.

छावणीच्या लोखंडी फाटकावर ‘यीडम दास झाइन’ अशी अक्षरं आहेत. अर्थ, ज्याचं त्याला. ती आतल्या बाजूने वाचता येतात, म्हणजे कैद्यांना सतत दिसावीत म्हणून. ती अक्षरं रेखाटायला लावली फ्रान्झ एर्लिश या कम्युनिस्ट कैद्याला. एर्लिश बाउहाउसचा विद्यार्थी होता, आणि त्याने अक्षरांची ठेवण बाउहाउसचीच ठेवली, जी शैली नाझींना मुळीच खपत नव्हती. पहारेकऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

युद्धात बॉम्बहल्ल्यांची भीती वाढली तेव्हा वायमारच्या शिलर-गृहातलं मूळ फर्निचर सुरक्षित ठेवायचं ठरलं. मग त्याच्या हुबेहूब प्रतिकृती कुणी बनवायच्या? शिलरचं लिहिण्याचं मेज छावणीच्या कारखान्यात नेलं गेलं आणि कैदी सुतारांकडून तशीच नक्कल करून घेतली गेली. स्वातंत्र्याचा कवी म्हणून ज्याला जर्मन लोक पूजतात, त्याचं मेज.

आणि लेऑं ब्लूम. फ्रान्सचा माजी पंतप्रधान, ज्यू, समाजवादी. १९४३ पासून त्याला छावणीच्या कुंपणाला लागून असलेल्या एका घरात कैदेत ठेवलं होतं. ब्लूमने तरुणपणी एक पुस्तक लिहिलं होतं, गटे आणि त्याचा चिटणीस एकरमान यांच्यातल्या नव्या, काल्पनिक संवादांचं. गटेला मनात वागवणारा हा माणूस गटेच्याच टेकडीवर कैदी म्हणून आला.

ज्याबद्दल बोलायचं नव्हतं

११ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य छावणीत पोहोचलं. पाच दिवसांनी त्यांनी वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना चालत टेकडीवर नेलं आणि सगळं दाखवलं. तेव्हाच्या चित्रफिती आहेत. जाताना काही जण सहलीला निघाल्यासारखे दिसतात, आत गेल्यावर बायका रुमालाने तोंड झाकतात. आम्हाला काही माहीत नव्हतं, असं अनेकांनी सांगितलं. पण छावणीतले कैदी वर्षानुवर्षं शहरात कामाला आणले जात होते. वायमारच्या रेल्वे स्थानकावर उतरवले जात होते.

गोष्ट इथे संपत नाही. हा भाग सोव्हिएत ताब्यात गेला आणि त्याच बराकींमध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी १९५० पर्यंत आपली कैदी-छावणी चालवली. नाझी पक्षाचे लहानमोठे पदाधिकारी त्यात होते, आणि चुकीच्या संशयावरून धरलेलेही. सुमारे अठ्ठावीस हजार कैद्यांपैकी सात हजारांहून जास्त जण मेले, बहुतेक भुकेने आणि रोगाने. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५८ मध्ये टेकडीवर भव्य स्मारक उभारलं, पण त्यात गोष्ट होती मुख्यतः कम्युनिस्ट वीरांची. ज्यू आणि रोमा मागच्या ओळीत. आणि सोव्हिएत छावणीबद्दल चकार शब्द नाही. भिंत पडल्यावरच त्या कबरींबद्दल उघडपणे बोलता आलं.

म्हणजे १९९९ मध्ये वायमार उत्सवाला बसलं तेव्हा त्याच्यापुढे कुलपं लावलेल्या दोन खोल्या होत्या. एकीची किल्ली नाझी काळाची, दुसरीची त्यानंतरच्या चाळीस वर्षांची.

मग उत्सवात काय केलं?

उत्सवाची सूत्रं होती बेर्न्ट काउफमान यांच्याकडे. मैफिली, नाटकं, नृत्य, प्रदर्शनं, व्याख्यानं यांची रेलचेल झाली. रंग उडालेली घरं दुरुस्त झाली, रस्ते झाले, हॉटेलं भरली. पण आज त्या वर्षाकडे बघताना मला चार-पाच गोष्टीच महत्त्वाच्या वाटतात, आणि त्यातल्या दोन फसल्या.

पहिली गोष्ट, गटेचं घर. गावातल्या उद्यानात गटेचं छोटं बागेतलं घर आहे. १९९९ मध्ये त्याच्या जवळच त्याची तंतोतंत प्रतिकृती बांधली. अक्षरशः कॉपी-पेस्ट. पर्यटकांना मूळ घर आणि नक्कल अशी दोन्ही बघता यायची. काहींना ही चेष्टा वाटली, काहींना विचार करायला लावणारा प्रयोग. मला यात शिलरच्या मेजाची आठवण येते. नक्कल करून मूळ जपण्याची वायमारची ही पहिली वेळ नव्हती.

दुसरी, फसलेली. फ्रेंच कलाकार दानिएल ब्युरेन पट्ट्यापट्ट्यांच्या खांबांसाठी प्रसिद्ध आहे. गावातल्या एका जुन्या चौकात तसेच खांब उभारायची त्याची योजना होती. नागरिक भडकले, विरोध वाढला आणि नगर परिषदेने योजना फेटाळली. बाउहाउसला ७५ वर्षांपूर्वी गावाबाहेर काढलं ते याच गावाने, अशी आठवण टीकाकारांनी करून दिली. लोकांचं म्हणणं वेगळं होतं. चौक आमचा आहे, आम्हाला विचारा की!

तिसरी, जास्तच फसलेली. आधुनिक कलेचा उदय आणि अस्त दाखवणारं मोठं प्रदर्शन. त्याचा एक भाग नाझींनी बांधलेल्या अवाढव्य इमारतसंकुलात भरवला. तिथे हिटलरच्या पसंतीची चित्रं लावली, आणि त्याच संकुलात वरच्या दालनात पूर्व जर्मनीतली चित्रं. ती कशी? करड्या प्लास्टिकच्या पार्श्वभूमीवर, खच्चून, एकमेकांना चिकटवून. भंगारच्या दुकानात लावावीत तशी. वादळ उठलं. काही कलावंतांनी आपली चित्रं परत मागितली. पूर्वेकडच्या लोकांचा राग चित्रांपुरता नव्हता. चाळीस वर्षं आम्ही जगलो, प्रेम केलं, चित्रं काढली, हुकूमशाहीशी भांडलोही, आणि तुम्ही ते सगळं नाझींच्या शेजारी प्लास्टिकवर टांगता? दोन राजवटींची तुलना करणं वेगळं आणि दोन्ही एकाच टोपलीत टाकणं वेगळं. हे भांडण झालं ते मला बरंच वाटतं, कारण त्या दुसऱ्या खोलीचं दार त्यामुळे उघडलं गेलं.

चौथी गोष्ट साधी आहे, आणि माझ्या मते या वर्षातली सगळ्यांत चांगली. एटर्सबर्गच्या जंगलात दरबाराच्या काळी शिकारीसाठी सरळ रेषेत झाडं कापून वाटा केल्या होत्या. त्यातली एक, गटेच्या नाटकांच्या वाड्याकडून बुखेनवाल्डकडे जाणारी, झाडोऱ्याने बुजली होती. १९९९ मध्ये ती पुन्हा मोकळी केली. लांबी सुमारे एक किलोमीटर. बस्स, एक पायवाट. फलकांची गर्दी नाही, पुतळे नाहीत. तुम्ही वाड्यापासून चालायला लागता आणि पंधरा-वीस मिनिटांत छावणीच्या आवारात पोहोचता. १९३७ मध्ये सांस्कृतिक मंडळाने नाव बदलून जे दोन वेगळे केले होते, ते या वाटेने पुन्हा जोडले.

वाद्यांच्या एका स्टँडवर दोघं

पाचवी गोष्ट सुरू झाली ती तीन आठवड्यांच्या कार्यशाळेसारखी. काउफमान यांनी संगीतकार दानिएल बारेनबॉइम यांना काहीतरी करायला सांगितलं. बारेनबॉइम ज्यू, अर्जेंटिनात जन्मलेले, इस्रायलमध्ये वाढलेले. त्यांनी सोबत घेतलं मित्र एडवर्ड सईद यांना. सईद पॅलेस्टिनी, जेरुसलेममध्ये जन्मलेले, साहित्याचे प्राध्यापक. दोघांनी इस्रायल आणि अरब देशांतले तरुण वादक वायमारला बोलावले. इजिप्त, सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, इस्रायल, शिवाय काही जर्मन. त्यातल्या अनेकांचे देश एकमेकांशी युद्धाच्या स्थितीत. चेलोवादक यो-यो मा हेही आले.

वाद्यवृंदात दोन वादक एका स्टँडवरची स्वरलिपी बघून वाजवतात, त्यातला एक पानं उलटतो. म्हणजे इस्रायली आणि सीरियन मुलगा एका स्टँडवर, एकाच वेळी, तोच स्वर लावायचा प्रयत्न करताहेत. दिवसा सराव आणि संध्याकाळी सईद यांच्यासोबत चर्चा, ज्यात भांडणंही झाली. या सगळ्यांना बुखेनवाल्डलाही नेलं.

त्यांचं नाव पडलं ‘वेस्ट-ईस्टर्न दिवान’, गटेच्या एका कवितासंग्रहावरून. फारसी कवी हाफिजला वाचून गटे साठीच्या पुढे अरबी लिपी गिरवायला बसला होता आणि १८१९ मध्ये त्याने ‘पश्चिम-पूर्व दिवान’ प्रसिद्ध केला. तोच गटे, ज्याने चाळिशीत शकुंतलेवर कविता लिहिली. नाझी सांस्कृतिक मंडळाला गटे हवा होता तो आपली मालमत्ता म्हणून. या वादकांनी घेतलेला गटे वेगळा होता, दुसऱ्याच्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसणारा.

हा वाद्यवृंद आजही आहे. त्याचं ठिकाण नंतर स्पेनमध्ये सेव्हियाला गेलं. त्याने युद्ध थांबवलं का? नाही. बारेनबॉइम यांनी तसा दावाही केला नाही.

आणि राजकारण तर त्या वर्षी दारात येऊन उभं होतं. २४ मार्च १९९९ ला नाटोने कोसोवोच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू केले, आणि १९४५ नंतर पहिल्यांदा जर्मन विमानं लढाईत उतरली. परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांनी समर्थन करताना ‘पुन्हा आउशवित्स नको’ हा धडा पुढे केला. विरोधकांनी ‘पुन्हा युद्ध नको’ हा धडा पुढे केला. इतिहास एक, पण त्यातून निघालेले धडे दोन, आणि एकमेकांच्या विरुद्ध. वायमारमध्ये संस्कृतीचा उत्सव चालू असताना हा वाद रोजच्या वर्तमानपत्रात होता.

उरलं काय?

गटेच्या घराची नक्कल वायमारमधून हलवून दुसऱ्या गावी नेली. ब्युरेनचे खांब कधी उभेच राहिले नाहीत. पायवाट आहे. वाद्यवृंद आहे. युरोपच्या यादीत त्यानंतर कितीतरी शहरं आली, २०२५ मध्ये जर्मनीतलंच केमनिट्स होतं.

पण याच थुरिंगियात बुखेनवाल्डच्या बळींच्या आठवणीसाठी लावलेली झाडं २०२२ मध्ये कुणीतरी कापून टाकली. आणि सप्टेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ‘एएफडी’ हा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या एखाद्या राज्यात अतिउजव्या पक्षाने निवडणुकीत पहिला क्रमांक मिळवण्याची ही पहिली वेळ. त्या पक्षाच्या थुरिंगिया शाखेला राज्याच्याच घटनासंरक्षण खात्याने अतिरेकी ठरवलं आहे. फ्रिक ज्या राज्यात १९३० मध्ये मंत्री झाला, तेच हे राज्य.

मग उत्सव वाया गेला का? मला तसं वाटत नाही. वर्षभराच्या कार्यक्रमांनी मतं बदलतील ही अपेक्षाच जास्तीची आहे. उत्सवाचं काम त्याहून छोटं आणि पक्कं होतं. गावाच्या नकाशावर गटेचा वाडा आणि छावणी एकाच रेषेत आणणं. आता कुणी वायमारला गेला आणि फक्त गटेचं घर बघून, फोटो काढून परतला, तर तो त्याचा निर्णय. वाट नव्हती असं त्याला म्हणता येणार नाही.

म्हणून यापुढे कुणी अभिमानाने सांगितलं, की गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला, तर त्याला अडवू नका. गटेला शाकुंतल आवडलं होतं हे खरंच आहे. फक्त त्याला त्या टेकडीचं खरं नावही सांगा.

पुढच्या भागात आपण पश्चिम बर्लिनला जाऊ, चारही बाजूंनी भिंत असताना १९८८ मध्ये सांस्कृतिक शहर झालेल्या बर्लिनला. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि तुमच्या गावात असं काही असेल, ज्याचं नाव बदललंय पण गोष्ट तीच आहे, तर मला नक्की लिहून कळवा. भेटू!